न उठलेली सभा

सात गावांचं मिळून एक ग्रामीण मंडळ होतं. त्याची छोटीशी कचेरी, सभेची खोली आणि खोलीत गावागणिक एक अशा सात खुर्च्या. सभेच्या दिवशी मंडळाचा शिपाई दारात उभा राहून एकेका गावाला हाक द्यायचा, त्या गावच्या सभासदाने ‘आहे’ म्हणायचं, मग कामाला सुरुवात. शेवटीही शिपायानेच म्हणायचं, ‘सभा उठली.’ तोवर खुद्द अध्यक्षांनाही जागचं हलायची सोय नव्हती.

पुढे धरण झालं आणि सातवं गाव पाण्याखाली गेलं. तिथली सभासद म्हणजे शिपायाची थोरली बहीण. सगळं गाव बाहेर काढल्यावर, राहिलेली शेळी आणते म्हणून ती मागे फिरली, ती परत आलीच नाही. मंडळाने तिची खुर्ची हलवली नाही. सातव्या गावाला हाक जायची, सगळे श्वासभर गप्प बसायचे, मग पुढचा विषय.

यंदा मंडळच शहरात विलीन झालं. शेवटच्या दिवशी भाषणं, फोटो, चहा या गडबडीत जो तो पांगला आणि ‘सभा उठली’ म्हणायचं राहून गेलं. शिपायाच्या जिवाला ते लागून राहिलं. किल्ली सोपवायच्या दिवशी, खुर्च्या न्यायच्या आधी, त्याने शहराच्या कारकुनाकडून थोडा वेळ मागून घेतला. आत काही पुरून ठेवलंय की काय, अशी थट्टा करत कारकून पायरीवर टेकला.

शिपाई दारात उभा राहिला. सभा उठवायची तर आधी हाका हव्यात. इतक्या वर्षांची सवय. पहिलं गाव. दुसरं. सहाही हाका भिंतींना आपटून परत आल्या. ती नांदती गावं, पण ‘ओ’ द्यायला कोणी नव्हतं. त्याने सातवी हाक दिली आणि नेहमीसारखा श्वासभर थांबला.

“आहे,” सातव्या खुर्चीतून आवाज आला. मग जरा फणकाऱ्याने, “गळ्याचं बटण लाव आधी. सरकारी माणूस ना रे तू?”

त्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. खुर्चीखालच्या फरशीवर ओल पसरत होती.

दोनच शब्द त्याच्या जिभेवर होते. ते म्हटले की तिला उठावं लागणार. आणि उठून जाणार कुठे? तिच्या गावाला हाक देणारी दुसरी जागाच उरली नव्हती.

“काका, झालं का?” बाहेरून कारकुनाने विचारलं. “टेम्पोवाला खोळंबलाय.”

शिपायाने बटण लावलं आणि दार आतून लोटून घेतलं.

“सभा चालू आहे,” तो म्हणाला. “बाहेर थांबा.”