गढूळ!

आमच्या जुन्या धुणीघराचं कलाकेंद्र होणार म्हटल्यावर सर्वांत जास्त नाचले ती मीच. त्याआधी ती वास्तू पाडून तिथे गाड्या लावायची जागा करणार होते. आम्ही बायका रस्त्यात बसलो, ओरडलो आणि ते हाणून पाडलं. पण वाचवणारे एक आणि फीत कापणारे दुसरे, हा जगाचा न्याय मला तेव्हा आठवला नाही.

धुणीघर म्हणजे एक लांबलचक दगडी दालन. मधोमध पाण्याचा पाट, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुण्याचे उतरते दगड. माझी आई इथे लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. तिचा दगड अगदी शेवटचा, मोरीजवळचा. वरच्या सगळ्याजणींचा मळ तिच्यासमोरून वाहायचा. म्हणून तिथे एक रीत पडली होती. शेवटच्या दगडावरून 'गढूळ!' अशी हाक आली की वरच्या सगळ्यांनी हात पाण्याबाहेर काढायचे. पाणी नितळ होईपर्यंत कुणी कापड बुडवायचं नाही आणि तोवर बोलायचं फक्त हाक देणारीनं. बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. आईनं आयुष्यातली निम्मी भांडणं तेवढ्या वेळात जिंकली.

मी शिंपीण आहे. बायकांना जमवून नाटकं बसवायचा मला नाद आहे. कलाकेंद्राच्या उद्घाटनासाठी मी एक नाटक लिहिलं, आणि त्यातली राणी आईनं माझ्याकडून मागून घेतली. प्रधान मी.

"जन्मभर दुसऱ्यांचे झगे धुतले गं," ती म्हणाली. "एकदा घालू दे. पुढच्या वर्षी हे गुडघे मला उभं करतील की नाही, कुणास ठाऊक."

मी जुन्या मखमली पडद्याचा लाल झगा शिवला. चष्मा कुठे ठेवला हे आईला आठवत नाही, पण राणीचं अख्खं भाषण मात्र तोंडपाठ. भाजी चिरताना ती मांजराला 'प्रधानजी' म्हणून हुकूम सोडायची.

मग केंद्राचे संचालक आले. अंगावरच्या कपड्यांना एक सुरकुती नाही, म्हणून आम्ही त्यांचं नाव इस्त्री ठेवलं. मी नाटकाचं विचारायला गेले तर ते गोड हसले.

"राणीबिणी काय, कुठेही होतात. तुमचं धुणं मात्र अस्सल आहे! उद्घाटनाला दगडांवर कपडे धुऊन दाखवा. पाहुण्यांना या वास्तूचा आत्मा दिसला पाहिजे."

"आणि आमचं नाटक?"

"दालन व्यावसायिक कलाकारांसाठी आहे हो. तुम्हाला मागची कोळशाची खोली देऊ, जमेल तेव्हा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, तुमचे वडील काय करायचे?"

"कारकून होते. का?"

"मग उद्घाटनाला तुम्ही कोपऱ्यात बसून शिक्के मारून दाखवा. तेही अस्सलच की!"

ते पुन्हा हसले. लहान मुलाच्या बोबड्या बोलाला हसावं तसे. घरी येऊन मी जाहीर केलं की आपण कुणीही जायचं नाही.

"जायचं," आई म्हणाली.

"अगं, लाज कशी वाटत नाही त्यांना?"

"ते त्यांचं ते बघतील. दगड माझा आहे, आणि मला तिथं बोलावलंय. तू झग्याला इस्त्री कर. खऱ्या इस्त्रीनं!"

उद्घाटनाच्या सकाळी केंद्राच्या पोशाखवाल्या बाईंनी आम्हाला करडे डगले वाटले. त्यांवर तपकिरी डाग होते. आईनं एका डागावर अंगठा घासला. "हे काय आहे?"

"रंगवलेत आजी. खरं वाटावं म्हणून."

आईचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत तिला असं दुखावलेलं मी पाहिलं नव्हतं. "धुणारीच्या अंगावर डाग?" ती हळूच म्हणाली. "आमच्याइतकं स्वच्छ कुणी नेसत नव्हतं गं." मग ती गप्प झाली आणि तिनं तो डगला घरून घालून आलेल्या लाल झग्यावरून चढवला. कापड आपटायच्या आधी ती अशीच गप्प व्हायची.

दालन भरलं. पाटातून पुन्हा पाणी खेळत होतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून मोरीपाशी पंप बसवला होता. खाली गेलेलं पाणी तो उचलून पुन्हा वर सोडायचा. आम्ही आपापल्या दगडापाशी उभ्या राहून पांढरेशुभ्र, अगोदरच धुतलेले रुमाल धुऊ लागलो. इस्त्री बोलायला उठले.

"ही मेलेली वास्तू आम्ही जिवंत केली. या साध्याभोळ्या भगिनींसाठी कलेचं दार आज प्रथमच..."

शेवटच्या दगडावर आईनं डगला काढला. लाल मखमल दिसताच खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. तिनं डगला पाण्यात बुडवला, दगडावर घेतला आणि आपटला. धप्प! पुन्हा धप्प! रंगवलेले डाग सुटले, मोरीत उतरले, पंपातून वर चढले आणि मानाच्या पाहुण्यांच्या पायांपासून तपकिरी पाणी खाली वाहत आलं.

"गढूळ!"

तिचा आवाज दालनभर घुमला. आमचे सगळ्यांचे हात एकदम पाण्याबाहेर आले. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या कितीतरी बायकांनीही हात वर घेतले. लहानपणी त्या इथेच आपापल्या आयांच्या पायांशी बसायच्या. इस्त्री भांबावून थांबले, मग पुन्हा तोंड उघडू लागले.

पहिल्या दगडावरची मावशी त्यांना म्हणाली, "शू! पाणी नितळ होऊ द्या. तोवर फक्त ती बोलणार."

"कधी होणार नितळ?"

सगळ्यांनी पाटाकडे पाहिलं. तेच पाणी खाली जात होतं आणि तेच वर येत होतं. ते नितळ कसं होणार? आईच्या हे माझ्याआधी लक्षात आलं होतं. ती माझ्याकडे बघून मिश्कील हसली. मला रडूच फुटलं.

"उभी काय राहिलीस?" ती म्हणाली. "प्रधान ना तू? ये पुढे."

मी हात पुसले आणि पुढे गेले. आमचं नाटक सुरू झालं. मध्येच इस्त्री वाकून पंपाच्या बटणाकडे सरकले, तेव्हा राणीनं भाषण तोडलं नाही, नुसतं बोट रोखलं.

"प्रधानजी, त्या गृहस्थांना बसायला सांगा."

"बसा," मी म्हणाले.

ते बसले. राणीनं आपलं अख्खं भाषण म्हटलं, एकही शब्द न विसरता. मग दरबार उठला, टाळ्या झाल्या, आणि पाणी अजून गढूळच होतं. आईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, झगा सावरला आणि नाटक पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.