वाक्यातले वडील

"मॅडमजी, एवढंच सांगा, तुमचे वडील आता कसे आहेत?"

ओळख ना पाळख, आणि सकाळी सकाळी हा प्रश्न! मी रिसिव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. "कोण बोलतंय?"

"लिफ्ट मेकॅनिक आहे मी. तुमचं पुस्तक वाचतो. रोज दहा शब्द. काल संपलं."

तो हिंदीत बोलत होता आणि मीही. हिंदी भाषिकांसाठी इंग्रजी शब्दांची पुस्तकं करण्यात माझी पंधरा वर्षं गेली, त्यामुळे हिंदी आता घरच्यासारखी येते. बाराशे अवघड शब्दांचं ते जाडजूड पुस्तक माझंच. इंग्रजी शब्द, हिंदी अर्थ आणि एक उदाहरणाचं वाक्य. मागच्या पानावर चुका कळवायला ऑफिसचा नंबर छापलाय. लोक हौसेने कळवतातही. पण वडील?

"सगळ्या पुस्तकात तेच तर आहेत," तो म्हणाला. "'ऑब्स्टिनेट'ला ते डॉक्टरांचं ऐकत नाहीत. 'प्रिकॅरियस'ला बाथरूममध्ये पडतात. 'रिलक्टंट'ला ऑपरेशन नको म्हणतात. आणि 'व्हिगर'ला बघतो तर परत फिरायला निघालेत! म्हणजे बरे झाले ना?"

मी गारच पडले. शब्द बाराशे, तर वाक्यं बाराशे, ती आणायची कुठून? घरात जे चाललेलं असायचं तेच मी उचलायची, आणि घरात होते बाबा. पण म्हणून कुणी ते ओळीने वाचेल? शब्दांचं पुस्तक कधी कुणी सलग वाचतं का हो?

"हो," मी म्हणाले. "बरे आहेत."

"हुश्श! जीव भांड्यात पडला बघा. माझेही वडील पडलेत गावी. तेच खुब्याचं हाड. भाऊ रोज फोन करतो, ये म्हणून. पण सोमवारी सुपरवायझरची परीक्षा आहे, इंग्रजीचा पेपर. दोनदा नापास झालोय, तिसऱ्यांदा झालो तर पुन्हा बसू देत नाहीत. आता निर्धास्तपणे पेपर देतो आणि मगच जातो."

मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला.

बाबा गेले ते 'टी' अक्षर चालू असताना. मी शेजारच्या खोलीत 'टेनेशस', म्हणजे चिवट, याचं वाक्य जुळवत होते. त्यांनी हाक मारली, "अगं, जरा ये गं." मी म्हटलं, "आले हं बाबा, एवढा एक शब्द होऊ दे." पुन्हा काही त्यांनी हाक मारली नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल. शब्द पुरा करून उठले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ही गोष्ट मी दादालाही सांगितलेली नाही. पुढे काही दिवसांनी ऑफिसातले साहेब चाचरत म्हणाले, "'यू'पासून राहिलंय, बघा जमलं तर." मी बसले आणि बाबांना खुशाल चालायला लावलं. फिरायला पाठवलं, शेजाऱ्यांशी भांडायला लावलं, शेवटी 'झील'ला, म्हणजे उत्साहाला, तर चक्क पोहायला शिकवलं. म्हटलं, कुणाच्या बापाचं काय जातंय!

आता कळलं, कुणाच्या बापाचं काय जातंय ते.

फोनवर त्याचा नंबर होता. लावला तर कव्हरेज क्षेत्राबाहेर. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. समोरचं प्रूफ वाचायला घेतलं, एकच ओळ चारदा वाचली, अक्षर डोक्यात शिरेना. उठले, पाणी प्याले, उगाच कपाट आवरायला घेतलं, तेही अर्ध्यावर टाकलं.

मग स्वतःशीच भांडायला लागले. तू कोण गं मोठी लागून गेलीस? पडले की सगळ्यांचेच वडील जातात का? त्याचे ठणठणीत बरे झाले आणि परीक्षा हुकली, तर जन्मभर तुला शिव्या घालेल. गप्प बस. असं म्हणायची आणि पुन्हा नंबर फिरवायची.

"कुणाला एवढं लावताय, ताई?" टायपिस्टने विचारलं.

"एका वाचकाला."

"का? चूक सापडली का त्याला?"

"त्याला नाही सापडली, तेच तर!"

साहेब केबिनमधून डोकावले. "अहो, पुढच्या आवृत्तीत करू दुरुस्त. एवढा जीव कशाला काढताय?"

साडेचारला एकदाचा लागला.

"लिफ्टच्या शाफ्टमध्ये होतो, मॅडमजी," तो धापा टाकत म्हणाला. "तिथे रेंज नसते. बोला ना."

"मी सकाळी खोटं बोलले." माझा आवाज इतका चढला की टायपिस्टचे हात थांबले. "माझे वडील गेले. 'टी'मध्येच गेले. शेवटची पानं सगळी खोटी आहेत, मनाने लिहिलेली. ते हाक मारत होते आणि मी म्हटलं, एक शब्द होऊ दे. तुमचे वडील बरे होतीलही. होऊ देत, हजारदा होऊ देत. पण माझ्या पुस्तकावर विसंबून इथे थांबू नका हो."

चिडला असेल, असं वाटलं. चिडू दे.

"पडल्यापासून किती दिवस होते?" त्याने विचारलं.

"एकोणीस."

"माझ्या वडिलांना आज सतरावा आहे."

फोन बंद करायचं त्याला सुचलं नसावं, तसाच खिशात टाकला असावा, कारण पाना खाली पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, काम अर्धं टाकून कुठे निघालास?" पुढे जिन्यावरून पळत उतरणारी पावलं, एकामागून एक मजले. मी रिसिव्हर कानाला धरून बसले, पावलं रस्त्याच्या गोंगाटात मिसळेपर्यंत.