माझ्या दात्यातलं कुंकू

मी डायल कॅलिपर बोलतोय. पोटावर घड्याळासारखी तबकडी, तिच्यात काटा आणि पुढं दोन जबडे. जबड्यात वस्तू धरा, काटा तिचं माप सांगतो. सेल नको, लाइट नको. याचा मला भारी माज होता, आधीच कबूल करतो.

माझे मालक धोंडीराम, तलवाड्याचे. सहकारी साखर कारखान्यात टर्नर होते, लोखंड कातून यंत्रांचे सुटे भाग बनवायचे. दुष्काळात ऊसच उरला नाही, कारखाना बंद पडला. मग त्यांनी घराशेजारी पत्र्याचं शेड टाकून जुनं लेथ मशीन बसवलं. काम झालं की मला मऊ फडक्यानं पुसायचे. "माझी कधी एवढी इचारपूस न्हाई केली," त्यांच्या बायको छबुबाई म्हणायच्या.

त्या वर्षी खंडेनवमीला छबुबाईंनी सगळी हत्यारं पुजली. मला तर चिमूटभर जास्तच कुंकू, वर झेंडूचं फूल. मी फुशारून गेलो.

दसऱ्यानंतर दूध संस्थेच्या केसरबाई मोटारीचा झिजलेला बूश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी धातूची नळी, घेऊन आल्या. "भाऊ, गावात एकाच बोअरला पाणी हाय, न् त्याचीच मोटार बंद. जनावरं तहानलीत."

मालकांनी माझ्यावर माप घेऊन नवा बूश केला. ढिला बसला. दुसरा केला, तोही ढिला. मला मिटलं की काटा मात्र शून्यावर, म्हणजे मी बरोबर!

"माझेच डोळे गेले गं," मालक म्हणाले. "लेथ इकून टाकू. औंदा टोळीसंगं परमुलखात ऊस तोडायला जाऊ." मला फार वाईट वाटलं. तीस वर्षांची कारागिरी, आणि हातात कोयता?

छबुबाई गेवराईला जाऊन डिजिटल कॅलिपर घेऊन आल्या. "ह्याचे आकडे लई मोठे हायत. उगं डोळ्यावर कशाला ढकलता? मोजून तर बघा." आला भाऊबंद वाटणी मागायला! मी जळफळलो.

मालकांनी एकेक वस्तू आधी त्याच्यात, मग माझ्यात धरली. खिळा, बोल्ट, दोघांचं माप एकच. जाड शाफ्ट धरला, तसा माझा काटा मध्येच उडी मारून वेगळंच माप दाखवू लागला. पुन्हा धरला, पुन्हा तेच.

"अगं, डोळे न्हाई चुकले! ह्यो चुकतोय!" मालक ओरडले.

छबुबाईंनी मला उजेडात धरलं. माझ्या पट्टीवर बारीक दाते आहेत, त्यांच्यावरून काटा फिरतो. मधल्या दात्यात लाल खडा घट्ट बसला होता. उघडताना काटा तिथं उडायचा, मिटताना पुन्हा जागेवर यायचा.

"अगं बाई! हे तर मी वाहिलेलं कुंकू!" त्यांनी तोंडाला पदर लावला. मालक मात्र कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले.

ब्रशनं माझे दाते साफ झाले. तिसरा बूश मी आणि त्या नव्या भाऊबंदानं मिळून मोजला. गच्च बसला. संध्याकाळी हौदात पाणी पडलं, आणि केसरबाईंची म्हैस पाण्यातून तोंडच काढेना. उसाची टोळी मालकांना न घेताच गेली.

आता आम्ही दोघं एकाच डब्यात राहतो. त्याचा सेल उतरला की मी कामाला, माझ्या दात्यात कचरा गेला की तो खरं सांगतो. यातला कोणता घ्यावा, असं कुणी विचारलं तर मालक म्हणतात, "ज्याला रोज पुसशील, त्यो घे."

यंदा खंडेनवमीला छबुबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. मी जबडे घट्ट मिटले. आयाबायांनो, हात जोडतो, पूजा जरूर करा, कुंकू तेवढं डब्याला लावा! त्यांनी तेच केलं. मग कुंकवाचं बोट मालकांच्या कपाळावर टेकवलं आणि म्हणाल्या,

"ह्ये हत्यार बी चालू हाय अजून."