कांताबाईचं पंचशील

"या गोळ्या कोणी सुरू केल्या, आजी?" डॉक्टरीणबाईंनी रिकामं पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

कांताबाईने सुनेकडे पाहिलं. नंदिनीला ते पाकीट कालच सासूच्या गादीखाली सापडलं होतं.

"शेजारच्या गोपिकानं आनून देल्या. म्हने, हार्मोनच्या गोळीनं डोकं तेज राहते. मी भुलून राहिली होती ना बाई, म्हनून घेतल्या."

"पाळी जाताना अंगाची आग होते, त्यासाठी देतात या, तेही तपासून. सदुसष्टाव्या वर्षी सुरू केल्या तर डोक्याला फायदा नाहीच, उलट विसरणं वाढायची भीती. आजपासून बंद."

"मंग गेलेलं वापस येईन ना?"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहायला घेतली. "तपासण्या करू. पण नक्की नाही सांगता येणार. विसरणं आधीपासूनच होतं ना."

हिंगण्याच्या कारखान्यात पाकिटं भरता भरता कांताबाईचा जन्म गेला. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. त्रिशरण, पंचशील सासूने नुसतं म्हणून म्हणून शिकवलं, आणि सासू गेल्यावर बुद्धविहारात पौर्णिमेची वंदना तीच सांगू लागली. ती पुढे म्हणायची, बाया मागून. पुस्तक तिच्या काय कामाचं? जे होतं ते डोक्यात, आणि तेच डोकं वाचवायला ही शहाणी बाई कोणाला न विचारता गोळ्या गिळत बसली. आता रागवायचं तरी कोणावर!

त्याच संध्याकाळी पौर्णिमा होती. दुसरं शील झालं, तिसरं झालं, आणि तिच्या तोंडून पुन्हा दुसरंच निघालं. बायांनी ते जोरात मागून म्हटलं. मग तिसरं, मग परत दुसरं. आपण गोल फिरतोय हे तिला कळत होतं, पण बाहेरची वाट सापडेना. शेवटी तिने हात जोडून डोकं टेकवलं. बायांनीही टेकवलं.

बाहेर चपला घालताना ती गोपिकावर उखडली. "मी चुकून राहिली होती, तं टोकलं काहून नाही वं?"

"तुमाले कसं टोकू, ताई?" गोपिका रडायलाच लागली. "तुमी म्हनता तेच आमाले येते."

घरी आल्यावर कांताबाईने हातपाय धुतले आणि ती नंदिनीसमोर चटईवर बसली.

"सासूनं मले शिकवलं तसं शिकव. चुकली का टोकजो, लाजू नोको. बाकी सारं गेलं तं जाऊ दे वं, हे नाही गेलं पाहिजे."

"टोकीन, आई."

नंदिनीने पहिलं शील सांगितलं, कांताबाईने म्हटलं. दुसरं म्हटलं, तिसरंही म्हटलं. नंदिनीच्या जिवात जीव आला. तिने चौथं सांगितलं.

कांताबाईने डोळे मिटले, जोडलेले हात छातीशी घट्ट धरले आणि विहारातल्या त्या खणखणीत आवाजात दुसरं शील म्हटलं. मग ती थांबली, बाया मागून म्हणतील म्हणून.

नंदिनीने हात जोडले आणि दुसरं शील म्हटलं.