साडेसात-सोळाचे टायर

उलव्याच्या नामदेवने त्या भाद्रपदात एक गोष्ट अगदी नीट मोजली होती, आणि ती म्हणजे चिखल. बांबू घेऊन तो दोनदा खाडीलगतच्या दलदलीत, खाजणात उतरला. गावापासून बांधापर्यंतची पायवाट नव्या रस्त्याच्या भरावाने पाणी अडून मधेच बुडाली होती. सत्त्याण्णवच्या त्या पावसानंतर तिथे कुठे घोटाभर, कुठे पोटरीभर गाळ साचला होता. त्याच्या जुन्या जीपचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तेव्हा गाडी चार बोटं उचलायची की काम झालं, असा त्याने हिशेब मांडला आणि स्वतःवर खूश झाला.

हे सगळं बापासाठी होतं. पंढरीने चाळीस वर्षं त्या बांधाची राखण केली होती. बांध मातीचा, खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणारा. त्यात एक उघाडी, म्हणजे फळ्यांची झडप. भरतीला ती बंद करायची, ओहोटीला उघडून शेतातलं जादा पाणी सोडायचं. जमीन आता सरकारजमा झाली होती आणि दिवाळीनंतर तिच्यावर भराव पडणार होता. पावसाआधी मजूर लावून पेरलेलं भात हे तिथलं शेवटचं पीक. गेल्या वर्षी कंबरेचं हाड मोडल्यापासून म्हातारा काठीच्या आधाराने ओटीपर्यंतच यायचा, आणि दिवसातून एकदा तरी म्हणायचा, मना एकदा भात दाखव.

नामदेवने मग कळंबोलीला धनाजीचं दुकान गाठलं. धनाजी साताऱ्याचा, आधी बाजारात हमाली केलेला, आता ट्रकवाल्यांना टायर विकणारा. त्याने जीपचे सहा-सोळा मापाचे घासलेले टायर पाहिले आणि साडेसहाचे पुढे केले. नामदेवला ते किरकोळ वाटले. त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या साडेसातवर गेली होती. उंच, रुंद, ठोकळ्यांची नक्षी एवढी खोल की तिच्यात अंगठा बुडावा.

धनाजीने विकायचं सोडून समजूत घालायला सुरुवात केली. गाडीची ओढ कमी होईल, ब्रेक उशिरा धरेल, स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासेल. त्यात ही नक्षी कापत जाणारी. दगडात चालते, मऊ जमिनीची वाट लावते. नामदेवने मडगार्ड ठोकून वर घ्यायला सांगितलं आणि जुने टायर बदल्यात देऊन टाकले. माणसाच्या एकदा डोक्यात बसलं की समोर देव जरी उभा राहिला तरी तो त्याला बाजूला हो म्हणतो.

जीप अंगणात आली तेव्हा पोरंटोरं गोळा झाली. पंढरी धुवट सदरा घालून, डोक्याला रुमाल बांधून तयारच होता. त्याने दांडीला धरून पाय उचलला. पाय पायरीपर्यंत पोचेना. नामदेवची बायको उज्ज्वला हिने पाट आणला, मग पाटावर पाट ठेवला. पाटावर चढल्यावर म्हाताऱ्याची मांडी थरथरायला लागली आणि तो गुपचूप खाली उतरला. नामदेवने गाळ मोजला होता, मडगार्ड मोजलं होतं, बापाचा पाय मात्र मोजला नव्हता. त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

उचलून बसवतो, असं तो म्हणाला. म्हातारा तयार होईना. आमच्याकडे माणूस उचलतात तो एकदाच, एवढं बोलून तो ओटीवर जाऊन बसला. मग म्हणाला, "तू जा. बघून ये, नि मना सांग."

नामदेव एकटाच निघाला. टायरांनी कमाल केली. गाळ दोन्ही बाजूंना फेकत जीप कुठेही न अडता थेट बांधाच्या पायथ्याशी पोचली. तिथे थांबायचं होतं. बांधावर चाक नेत नाहीत हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पंढरीने तर बैलगाडीसुद्धा कधी चढू दिली नव्हती. शेजारी तो बसला असता तर त्याने नुसता हात वर केला असता. पण शेजारी कुणी नव्हतं, आणि एवढं जमलं तर उघाडीपर्यंत जावं, बापाला सगळं सांगता येईल, असं वाटून नामदेवने गियर टाकला.

जीप चढली. वीसेक हात गेली आणि डाव्या अंगाला खचली. त्याने जोर दिला तशी चाकं जागेवर फिरत बांध कापत गेली, आणि ती खोल नक्षी ओल्या मातीचे गोळे मागे उडवत राहिली. अखेर गाडी मागे आली, पण बांधाला कंबरेएवढी खाच पडली होती. दिवस पौर्णिमेचा, उधाणाचा. खाडी आधीच काठोकाठ आली होती. पहिलं पाणी बोटाएवढ्या धारेने आत उतरलं. नामदेवने हातांनी माती लोटली, सीट उपटून दाबली, सदरा काढून कोंबला. धार मांडीएवढी झाली. त्याने ओरडून पाहिलं. एके काळी अशा हाकेला अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं. आता गाव बंदरात कामाला होतं, नाहीतर रिक्षावर. पाणी भातात पसरत गेलं आणि तो नुसता बघत राहिला.

घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती. पंढरी ओटीवरच होता. जीप ओटीला लागून उभी राहिली, तेव्हा तो मोठा टायर बसल्या जागी त्याच्या हाताशी आला. त्याने नक्षीतला एक गोळा बोटाने उकरला आणि चुरगाळून पाहिला. खाजणाचा गाळ काळा असतो. ही माती पिवळी, चिकट होती, बांधाची, त्याने स्वतः दर वर्षी डोक्यावरून वाहून थापलेली.

"उधान साडेबाराचा," तो म्हणाला. "म्हंजे पानी आत गेला."

नामदेवने मान हलवली. माणसं जमवतो, आत्ताच ओहोटीत खाच बुजवतो, असं काहीबाही तो बोलत सुटला.

"कोन येनार? जमीन आपली हाय का आता?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर नामदेवला बरं वाटलं असतं. म्हाताऱ्याने माती खाली टाकली नाही. मूठ मिटली, आणि सकाळपासून जे ऐकायला थांबला होता ते विचारलं.

"भात कवरं झालतं, ता तरी सांग."

नामदेवने चिखलाने भरलेला हात कंबरेपाशी आडवा धरला. पंढरी त्या हाताकडे बघत राहिला, आणि तो बघतोय तोवर नामदेवला हात खाली घेता येईना.