चंदनचा वाटा

हर्षा एसटीतून हिवरखेडला, आईच्या गावी, उतरली तेव्हा सकाळ पुरती तापली नव्हती. पंधरा दिवस तिनं आजच्या दिवसाची वाट पाहिली होती आणि तो येऊच नये असंही तिला वाटत होतं. आज तिकडे, टोकेलाऊ बेटांना, बोट लागणार होती. आणि आज आईला सांगायचंच होतं की त्या बोटीतून चंदन येणार नाही.

चंदन तिचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षांचा. सौर पट्ट्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या कामावर दोन वर्षांसाठी गेलेला. त्याचा अर्ज हर्षानंच भरून दिला होता, अकोल्याच्या जठारपेठेतल्या तिच्या खोलीत बसून. ती शाळेत भूगोल शिकवते, पण हे टोकेलाऊ तिलाही ठाऊक नव्हतं. वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात शोधायला गेली तर तिथे नेमकी कागदाची घडी आलेली. प्रशांत महासागराचं निळं झिजून पांढरं पडलेलं.

"म्हंजे मी तुह्या नकाशाच्या घडीत राह्यतो बाई," चंदन व्हिडिओवर हसला होता.

दर रविवारी तो फोन करायचा आणि आई, माणिकबाई, त्याला गावाकडची चौकशी करावी तशी बेटाची चौकशी करायच्या. बाप पोरं लहान असतानाच गेलेला. दीड एकरात भाजी पिकवून, बजारात बसून त्यांनी दोघांना शिकवलं होतं. कुठल्याही गावाचं त्यांना आधी पाणी विचारायचं असे.

"पानी कसं हाये रे तिथचं?"

"चहूकडं खारं माय. प्यायचं वरून पडते तेवढंच. टाक्या भरून ठेवतात."

"आपल्या तेल्हाऱ्याकडं बी खारंच. अन् डोंगर?"

"डोंगर नाई, नदी नाई. तीन बेटं हायेत, कंगन फुटून पडावं तशी. मी राह्यतो ते अताफू. सगळ्यात उंच जागा आपल्या घरच्या पत्र्याएवढी."

"बाप्पा! अन् सरपंच?"

"तो दरसाल फिरते. यंदा या बेटाचा, पुढच्या साली त्या बेटाचा. राजधानी बी त्याच्या मागं मागं. वर न्यूझीलंडचं राज्य हाये, पन गावातलं सारं म्हातारेच ठरवतात."

"मंग भांडनं होत नसतीन."

"भांडाले मानसं कुठं हायेत? तीन गावं मिळून पंधराशे. तुह्या बजारात याच्याहून जास्त असतात."

जमीन मूठभर आणि समुद्र अफाट, म्हणून परदेशी बोटींना मासे धरायचे परवाने द्यायचे, त्यावर बेटाचं पुष्कळसं चालायचं. बाकी न्यूझीलंड द्यायचं. खायला नारळ, मासे, नीरफणस. विमान नाही. सामोआहून बोट निघते, दिवसरात्र चालते आणि बेटाच्या बाहेरच उभी राहते; माणसं, पोती, सारं लहान होडीतून काठावर आणायचं. कांदे-कोबीही त्यातूनच.

"म्हंजे भाजी शिळी?" माणिकबाईंना बाकी काही नाही तरी हे फार लागलं होतं. "माह्या लेकाले पंधरा दिवसाची शिळी भाजी?"

त्या फोननंतर वांगी तोडता तोडता त्यांनी एक ओवी जुळवली होती. कधीमधी गुणगुणायच्या:

*माह्या चंदनाचं गाव, गाव पान्याच्या काठाले*
*अर्धं पाऊल चुकलं, पानी लागते ओठाले*

पण चंदनचं पाऊल चुकलं नव्हतं. एका पहाटे छातीत कळ आली, बेटावरचा डॉक्टर धावत आला, आणि उजाडेपर्यंत संपलं होतं.

हर्षाला फोन आला तेव्हा अकोल्यात सकाळची शाळा नुकती भरली होती. तिकडे दुपार कलली होती. फोन सिनाचा होता, ज्या म्हातारीच्या घरी चंदन राहायचा तिचा. सिना जुजबी इंग्रजीत सावकाश बोलत होती. बोट कालच गेली. दुसरी पंधरा दिवसांनी. इथे ऊन फार आहे, इतके दिवस ठेवता येणार नाही. आमच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसलीय. तुमच्यात जाळतात, हे त्यानं सांगितलं होतं, पण इथे तेवढं लाकूड नाही. घरच्यांनी सांगावं. जमीन की समुद्र? तासाभरात सांगा, म्हणजे उद्या सकाळी करू.

शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून हर्षानं आईचा नंबर लावला. पहिली रिंग जायच्या आतच तोडला. माय वावरात एकटी असेल. कसं विचारायचं, तुझा लेक गेला आणि लगेच त्याचं काय करायचं तेही सांग? ती टाकीच्या ओल्या भिंतीला टेकून राहिली. मग तिनं सिनाला सांगितलं, "जमीन."

संध्याकाळी हिवरखेडला येऊन तिनं चंदन गेल्याचं सांगितलं. रडणं ओसरल्यावर माणिकबाईंनी विचारलं, "कवा आनतात त्याले?"

"बोट पंधरा दिवसांनी येते, माय."

शब्दन् शब्द खरा होता. हर्षानं त्याला पुढे काही जोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी माणिकबाईंनी एवढंच विचारलं, "तिथं बरफ भेटते का?" आणि हर्षा म्हणाली, "मासे ठेवाची पेटी हाये मोठी." त्या एका वाक्यासाठी ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती. माणिकबाईंनी त्यानंतर काही विचारलंच नाही. दहावा काही न करता गेला, तेरावाही गेला. चुलता शेषराव रोज अंगणात येऊन तावातावानं बोलायचा, "वहिनी, काय पाहून राह्यल्या तुमी? लोक नावं ठेवून राह्यले." माणिकबाई म्हणायच्या, "बोट येऊ द्या."

आज अंगणात वांग्यांचं टोपलं होतं. शेजारची सत्यभामा पहाटे तोडून ठेवून गेली होती. बजारात आता तीच बसायची. माणिकबाई टोपल्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मागे सातपुडा निळा दिसत होता.

"माय, आज बोट लागली असंन."

"हं."

"त्यातून चंदन येनार नाई." हर्षा एका दमात बोलली. "त्याले तिथंच मातीत ठेवलं, माय. दुसऱ्याच दिवशी. मले फोन आल्ता, त्याईनं इचारलं, अन् मीच हो म्हटलं. तुले न इचारता."

माणिकबाईंनी एक वांगं उचललं, देठ पाहिलं, परत ठेवलं.

"मेथीची जुडी ओल्या फडक्यात बांधली तरी दोन दिवसानं मान टाकते," त्या म्हणाल्या. "जनम गेला माहा याच्यात. मले काय समजत नाई का वं, पंधरा दिवस काय टिकते ते?"

"मंग बोलली काहून नाई तू?"

"तू बोलशीन म्हून."

मग माणिकबाईंनी विचारलं, "काय इचारलं होतं त्याईनं? निस्तं हो का नाई?"

"जमीन का समिंदर."

"अन् तू?"

"जमीन म्हटलं."

"मी बी जमीनच म्हटलं असतं." माणिकबाई म्हणाल्या. "पन मले म्हनू द्यायचं होतं, हर्षे. नऊ महिने मी वागवला त्याले. शेवटचा शब्द माहा होता. तो बी तू घेऊन गेली."

हर्षानं आईच्या पायाला हात लावला. माणिकबाईंनी पाय ओढून घेतला नाही; पण हातावर हातही ठेवला नाही.

"माती कशी हाये तिथची?"

"माती नाई माय. पांढरे खडे हायेत, समुद्राचे. पोवळ्याचे."

"मंग काय लोटलं त्याच्या आंगावर?"

"तेच. गावातल्या बायांनी धुऊन, निवडून आनले. सारं गाव गायलं, सिना सांगत होती."

"निवडून?"

"हो. बारीक बारीक, सारखे."

माणिकबाईंनी मान हलवली. निवडणं त्यांना समजत होतं.

हर्षानं पिशवीतून घडी केलेला कागद काढला. सिनाचा निरोप तिनं मराठीत उतरवून आणला होता. वाचू का, असं तिनं विचारलं नाही, वाचायला लागली.

"आमच्याकडे मासे धरून आणले की गावच्या पटांगणात वाटे मांडतात. घरात जेवढी माणसं, तेवढा वाटा. मोठा कोण, लहान कोण, धरायला कोण गेलं होतं, काही पाहत नाहीत. तुमचा मुलगा परका, पण पहिल्या आठवड्यापासून आमच्या घराच्या वाट्यात त्याला धरत. तो स्वतः आणायला जायचा म्हणून वाटे मांडणारा आमच्या घराला त्याच्याच नावानं हाक मारू लागला. त्याला ठेवल्यानंतर तिसऱ्या दिवशी होड्या आल्या. वाटे मांडणाऱ्यानं सवयीनं हाक मारली, चंदन! सारं पटांगण गप्प झालं. त्याचं चुकलं होतं, पण तो वाटा कोणी मोडला नाही. मग मी गेले आणि उचलून आणला. शिजवला. शेजारची मुलं जेवली."

हर्षानं कागद मिटला. माणिकबाई समोर पाहत होत्या.

"हाक मारली त्याले?"

"हो."

"सगळ्याईच्या समोर?"

"हो, माय."

माणिकबाई सरकून टोपल्याजवळ आल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पदर खोचला. रिकामं पोतं अंगणात अंथरलं आणि बजारात मांडतात तसे वांग्यांचे वाटे मांडायला लागल्या. पाच पाच वांगी, एक मोठं खाली, चार त्याला टेकून. हात आपोआप चालत होते. पोतं भरलं. टोपल्यात उरलेल्या पाच वांग्यांचा शेवटचा वाटा त्यांनी पोत्याच्या बाहेर, नुसत्या काळ्या मातीवर मांडला.

सत्यभामा फाटकातून आत आली. "वा, मावशी! आज बसता काय बजारात?"

"तू ने. तो एवढा राह्यू दे."

सत्यभामानं वाटे पोत्यासकट गोळा करून टोपल्यात भरले, एकदा हर्षाकडे पाहिलं आणि काही न विचारता निघून गेली. अंगणात मातीवर तो एक वाटा राहिला.

माणिकबाईंनी रस्त्याकडे तोंड केलं. वावरातून पोराला जेवायला बोलवावं तशी, मोठ्यानं, लांबवून हाक मारली.

"चंदन ऽऽ"

शेजारी शेषरावाच्या ओसरीत कोणी तरी बोलता बोलता थांबलं. हाक सातपुड्याच्या बाजूला गेली आणि परत आली नाही.

माणिकबाई वाट पाहत राहिल्या. मग त्यांनी मान वळवली आणि त्या दिवसात पहिल्यांदा लेकीकडे नीट पाहिलं.

हर्षा उठली. तिनं ओढणी पसरली, पाचही वांगी एकेक करून उचलली, त्यांची माती न झटकता, आणि चुलीकडे गेली.