बाईंच्या खोलीतला दिवा

मेळघाटातल्या शाळेवर असल्यामुळे गीतांजलीचा पगार एक पायरी वरचा होता. अकोल्याकडे सपाटीवर तेच पहिली-दुसरीचे वर्ग घेणारी तिची मैत्रीण रागिणी फोनवर टोमणा मारायची, "मजा हाये बाप्पा तुई! आमी का कमी मुळाक्षरं गिरवून घेतो?"

वरून घरभाडंही मिळे. पण शाळेच्या गावात मुक्काम असेल तरच. शाळेमागची खोली तिच्या नावावर होती, पण तिथं ती एकदाही राहिली नव्हती. तान्ह्या कुंदनला परतवाड्याला घरी सासूजवळ ठेवलेलं. दुपारपासूनच दुधानं पदर ओला व्हायचा. शाळा सुटली की शेवटची जीप, आणि खोलीला कुलूप.

ग्रामसभेत तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या साहेबांनी विचारलं, "बाई इथं राहतात का?"

गीतांजलीनं मान खाली घातली. आता घरभाडं जाणार, वर चौकशी. त्या पैशांवरच तर घर चाललं होतं.

'राहतात' म्हणत सगळ्यांचे हात वर गेले.

सभा उठल्यावर तिनं शेजारच्या जयवंताकाकूंना गाठलं. "काकू, माह्यासाठी खोटं कावून बोलल्या तुमी?"

"खोटं कायचं वो बाई? रोज दिवा दिसते तुमच्या खोलीत. अंगाई म्हनता. आमची सून पोराले घेऊन अंगनात बसते, तुमच्या आवाजानंच निजते ते."

"मी तर जीपनं जातो, काकू!"

"जाता. मंग येता बी." काकू हसल्या. "अन् तुमचं लेकरू लय गुनाचं. रडतच नाई."

 सासूही तेच म्हणायची, "रातभर हूं की चूं करत नाई." गीतांजलीला स्वतःलाही कधीकधी वाटे, कुशीत झोपलेलं हे अंग फार हलकं आहे.

सोमवारी ती कुंदनला घेऊनच आली. आता इथंच राहायचं, जे असेल ते असो. दिवस मावळता तिनं कुलूप काढलं. खोलीभर धूळ साचलेली. फक्त कोपऱ्यात, मांडी घालून बसण्याइतकी जागा स्वच्छ, सारवल्यासारखी.

एरवी नव्या जागी टाहो फोडणारा कुंदन कडेवरून खाली उतरायला धडपडू लागला. तिनं ठेवताच तो रांगत थेट त्या कोपऱ्यात गेला आणि कुणी उचलून घ्यावं म्हणून दोन्ही हात वर केले.

"कुंदन! माह्या राजा, इकडं ये!"

त्यानं वळून पाहिलं, दारात आलेल्या परक्या बाईकडे पाहावं तसं.